कासमभाईंनी परत केलेली किल्ली

कासमभाई मुकादमांची ओळख आधी माझ्या ट्रंकेशी झाली, मग माझ्याशी. कुवेतमध्ये रुपया जाऊन दिनार आला, त्या सुमाराची गोष्ट. बोटीच्या पोटात आठवडाभर ओकून अर्धमेला झालेला मी धक्क्यावर उतरलो. समोर एक उंच गृहस्थ उभे होते. सलामाचं उत्तर देऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर माझी ट्रंक उघडायला लावली. अत्तराची कुपी त्यांनी बाजूला काढली, मुंबईत शिवून घेतलेला कोट पाहून मान हलवली आणि आईने दिलेली सोलांची, म्हणजे आमसुलांची, पुडी हातात धरून ते म्हणाले, "ही ऱ्हाव दे. पन चाळीस दिवस उगडायची नाय."

मला हसू आलं होतं. माणूस जरा तऱ्हेवाईक दिसतो, असं मनात म्हटलं. त्या पुडीने पुढे काय घडवलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

कासमभाई तेव्हा फैलका बेटावर पंपांचे मिस्त्री होते. कुवेत शहरातून लाँचने गेलं की काही तासांनी हे बेट लागतं. मासेमारी, विहिरी, थोडी शेती, असं साधं गाव. तिथली तरुण मुलं तेलाच्या कामावर आणि शहरातल्या कचेऱ्यांत निघून गेली होती. विहिरींवरचे पंप बंद पडत होते, रोट्यांची भट्टी थंडावली होती. गावच्या मुख्तारांनी, म्हणजे तिथल्या पाटलांनी, कासमभाईंना सांगितलं, "तुझ्या मुलखातली माणसं आण. गावाबाहेर त्यांच्यासाठी पत्र्याची खोली बांधून ठेवतो."

"गावाबाहेरच ठेवायची असली तर बकऱ्या आणा," कासमभाई म्हणाले.

हे बोलायला छाती लागते. मुख्तारांच्या एका शब्दावर कासमभाईंची स्वतःची नोकरी होती. पण त्यांनी आपल्या अटी मान्य करून घेतल्या. माणसं चारच येतील. घर गावाच्या मधोमध मिळेल. आणि पहिले चाळीस दिवस त्यांची चूल पेटणार नाही. ती पाळीपाळीने गावातल्या घरोघरी जेवतील. "ज्याच्या घरी जेवला त्याचं नाव माणूस विसरत नाय," असं ते आम्हाला सांगत. गावाने परक्याला कसं आणावं आणि कसं रुजवावं यावर पुढे मी मोठमोठ्या साहेबांची भाषणं ऐकली. कासमभाईंच्या या एका वाक्यापलीकडे त्यांत फारसं काही नव्हतं.

इकडे आमच्या जमातीला त्यांनी पत्र धाडलं होतं, की हुशार माणूस नको, विहिरीवर कधी भांडला नाही असा पाठवा. त्या कसोटीला मी उतरलो. भांडायची हिंमत नसलेला माणूसही भांडत नाही, हे जमातीच्या ध्यानात आलं नसावं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुख्तारांनी खूश होऊन कासमभाईंना दोन खोल्यांचं वेगळं घर दिलं होतं. त्यांच्या पत्नी अमीनाचाची आणि पाच वर्षांची मुलगी महिनाभरात बोटीने येणार होत्या. त्या बेटावर राहायला येणारं ते आमच्या गावचं पहिलंच कुटुंब. कासमभाईंनी स्वतः भिंतींना चुना लावला, मुलीसाठी खिडकी खाली घेतली. घराची किल्ली ते काळ्या दोऱ्याने गळ्यात बांधत. बोलता बोलता त्यांचा हात तिच्यावर जाई.

आम्ही चौघे विहिरींवर आणि भट्टीवर राबत होतो, गावात जेवत होतो. शुक्रवारी पाळी उम्म सालेम यांच्याकडे असे. या विधवा बाई. दोन्ही मुलगे तेलाच्या गावी गेलेले. माझ्या पुढ्यात भाताचं ताट सरकवून त्या "कुल, कुल" म्हणत, म्हणजे खा, खा. मी खात होतो; पण तीन आठवडे झाले होते आणि मला स्वप्नातसुद्धा सोलांचा वास येऊ लागला होता.

त्या दिवशी काम लवकर संपलं. मी एकटाच किनाऱ्याने निघालो. ओहोटीने पाणी लांबवर गेलं होतं. चिखलात बोरूंचं एक वाकडंतिकडं कुंपण उभं होतं, अर्धं मोडून पडलेलं, आणि त्याच्या कोपऱ्यातल्या डबक्यात मासे तडफडत होते. आमच्याकडे पडक्या बांधाआड ओहोटीने ठेवलेली मासळी कुणाचीच नसते. ज्याची नजर आधी पडेल त्याची. मी लुंगी खोचली आणि पंचा भरला. घरी आणून पुडी फोडली, चूल पेटवली. सोबत्यांनी विचारलं, "कुठून रे?" मी म्हटलं, "दर्यानं दिले." चौघांनी बोटं चाटली.

फैलक्यावर त्या कुंपणाला हद्रा म्हणतात. प्रत्येक हद्रा कुण्या एका घराची, बापाकडून मुलाकडे आलेली. मोडकी असली तरी तिच्यातला मासा दुसरा उचलत नाही. उचलला तर ती चोरी, आणि चोरीतही हलकी चोरी. ही हद्रा उम्म सालेम यांची होती. त्यांना ती दुरुस्त करायला घरात पुरुष नव्हता, म्हणून मोडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्तारांच्या बैठकीत सगळं गाव जमलं. आम्हा चौघांना मधोमध उभं केलं. कालच्या कालवणाचा वास अख्ख्या आळीला गेला होता, तेव्हा नाकारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुख्तार म्हणाले, "मिनू?" तीन आठवड्यांत एवढं अरबी मला येत होतं. कोण? त्यांनी पुन्हा विचारलं, "मिनू?"

सोबती माझ्याकडे बघत नव्हते. आपला माणूस आपल्या तोंडाने दाखवायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माझी पाचावर धारण बसली होती. परत पाठवलेला माणूस म्हणून गावच्या बंदरात उतरायचं, आईसमोर उभं राहायचं, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट माझ्यामुळे बंद! एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही.

कोपऱ्यातला एक म्हातारा ओरडला, "चौघांनाही घाला लाँचवर." लाँच तासाभराने सुटणार होती.

तेव्हा कासमभाई आत आले. हाताला पंपाचं तेल तसंच होतं. आधी अरबीत आणि मग आमच्यासाठी आमच्या बोलीत ते म्हणाले, "ह्यांना मी आनला. गावात कसा वागायचा, ता सगला सांगितला. दर्याचा नाय सांगितला. आमच्याकडं ओहोटीचा मासा कुनाचा नसतो. चूक माजी हाय."

"चूक कुणाचीही असो," मुख्तार म्हणाले, "आज कुणीतरी गेलंच पाहिजे. नाहीतर गाव ह्यांतल्या एकालाही ठेवून घेणार नाही."

कासमभाईंनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि किल्ली मुख्तारांच्या समोरच्या सतरंजीवर ठेवली. "मी जातो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चोर तिथेच उभा होता, हातभर अंतरावर. लाँच सुटली तेव्हाही तो धक्क्यावर उभा होता.

कासमभाई शहरात गेले, मिरकाबमधल्या एका खोलीत सहा जणांत राहिले. चाचींचं येणं रद्द झालं. मुलीला जवळ आणायला त्यांना पुढे सहा वर्षं लागली, तोवर ती बापाला ओळखेनाशी झाली होती. त्या सहा वर्षांत आमच्या गावाहून येणारा प्रत्येक नवा माणूस धक्क्यावर आपली ट्रंक त्यांच्यापुढेच उघडत होता. फैलक्यावर मग आमच्याकडची पुष्कळ माणसं गेली, बायकामुलांसह राहिली. त्या वस्तीचं श्रेय लोक मला देतात, कारण मी तिथे अकरा वर्षं काढली. मला ते ऐकवत नाही.

मी काय केलं? प्रत्येक ओहोटीला उम्म सालेम यांची हद्रा बांधली. बोरू आणले, खांब रोवले, मासे टोपलीत भरून त्यांच्या दारात ठेवले. वर्षभराने एकदा टोपली ठेवताना माझं रडू फुटलं आणि मी मोडक्या अरबीत सगळं कबूल केलं. त्या चकितसुद्धा झाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी किनाऱ्यावरूनच पाहिलं होतं. हिरव्या चौकड्यांची लुंगी गावात तुझ्या एकट्याचीच. बैठकीआधी कासम माझ्या दारी आला होता, त्याला मी सांगितलं. म्हणाला, नाव घेतलंस तर तो जाईल. नाही घेतलंस तर तो राहील आणि तुझी हद्रा बांधील."

म्हणजे कासमभाईंना ठाऊक होतं. त्या वेळी ठाऊक होतं आणि आजही आहे. नंतर मिरकाबात, बनेद अल-गारमध्ये आणि आता आपल्या गावी, शेकडो वेळा आम्ही एका ताटात जेवलो. त्यांनी एका शब्दाने, एका नजरेनेही ते मला जाणवू दिलं नाही. आणि मी? मी त्यांच्याशीही बोललो नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात लिहायला धीर झाला, तोही संपादकांनी तिसऱ्यांदा पत्र पाठवल्यावर.

अमीनाचाची आजही मला सोलांचं कालवण वाढताना हमखास म्हणतात, "पोरा, तू तर तिथंच व्हतास ना? चुना लावलेला घर ह्यांनी कशाला सोडला रे? मना कधी सांगितला नाय." कासमभाई तेव्हा खाली मान घालून काटे काढत असतात, आणि मी पुन्हा एकदा गप्प बसतो.

चाची, ते मासे मी उचलले होते. तुमची सहा वर्षं माझ्यामुळे गेली.

कासमभाईंना अल्लाह उदंड आयुष्य देवो, हातपाय शेवटपर्यंत धडधाकट ठेवो आणि आपल्या जमातीच्या डोक्यावर त्यांची सावली राहो. चाचींनाही तेवढंच आयुष्य लाभो, कारण त्यांचा माझ्यावरचा राग आजपासून सुरू होईल आणि तो पुरा व्हायला वेळ लागेल. येत्या शुक्रवारी मी जेवायला येणार आहे. वाढायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.