गुडघे झाकणारा गाऊन

आमच्या शिरपूरच्या शिवणकेंद्रातल्या डिझाइनवाल्या ताई कॉम्प्युटरवर कपड्याचा नमुना काढतात आणि तो घालून दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या बाईवरच चिडतात. "ही भवानी सदा उभीच!" आम्ही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिरासाठी गाऊन शिवतो, आणि ती तपासणी झोपवून करतात. म्हणून गाऊन शिवून झाला की ताई तो घालून सगळ्यांसमोर कटिंगच्या टेबलावर आडव्या होतात.

मी तिथेच शिवणकाम करणारी, सातवीतून शाळा सोडलेली, घर दूर कोकणात. तपासणीचं नाव काढलं तरी मला घाम फुटायचा. एकदा त्यांनी मलाच गाऊन चढवला.

"झोप. गुडघे वर घे. आता खाली कायले ओढून राह्यली वं?"

"मांड्या उघड्या पडतात, ताई."

"मंग सांगायचं ना! हा आजार लय हळू वाढते, लवकर दिसला त बरा होते. बाया लाजंपायी येतच नाहीत."

त्यांनी लगेच गुडघ्यांवरून घोट्यापर्यंत जादा कापड जोडलं.

शिबिरात तोच गाऊन घालून मी पहिली आत गेले. माझी साडी हातावर घेऊन ताई दाराशी उभ्या राहिल्या.

निकाल चांगला आला, तेव्हा आईला फोन केला. ती म्हणाली, "एकटीच गेलीस गं?"

"नाही," मी म्हटलं, "ताई होत्या."