डिंक लावलेला कौल

देवीला फसवायला मी बाभळीचा डिंक वापरला. झालं — एवढं एक वाक्य लिहायला मला म्हातारपण गाठावं लागलं. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. नातवंडांना वाटतं, आजी खोडकर आहे, पण मनाची साफ. असू दे त्यांना तसं वाटत. तुम्हाला सांगते. सुरुवातीला हसलात तरी चालेल, मीही हसते.

कारण तेव्हाची मी, ती पोरगी, होतीच हसण्याजोगी. पुनावळ्यात दिलेली, दीडशहाणी! डोक्यात एकच खूळ — नवरा कंपनीत पाहिजे. माझ्या मावसबहिणीचा नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत होता. तिच्या खोलीत विजेचा दिवा. मी गेले की बटण दाबून लावायची, विझवायची, पुन्हा लावायची, जणू सूर्य तिच्याच हुकमानं उगवतो. घरी आल्यावर मी विहिरीच्या पाण्यात बघून सराव करायचे — “आमचे हे कंपनीत असतात.” पदर कुठं धरायचा, मान किती वाकडी करायची, सगळं ठरलेलं. ‘हे’ मात्र बैलांच्या मागं खूश.

पिंपरीकडं तेव्हा कारखाने उभे राहत होते. वारं तिकडून आलं की भोंगा आमच्या रानात ऐकू यायचा. मला वाटायचं, देव कधी ऐकतो, कधी नाही. भोंगा मात्र रोज वाजतो. भरवसा टाकायचा तर त्याच्यावर टाकावा. काय अक्कल!

एका कारखान्यात माणसं घेत होते. यांचं मन घेईना. सासूबाई म्हणाल्या, वाघजाईला कौल लावू, ती सांगेल ते खरं. आमच्या घरी सोयरीक असो की बैल विकायचा असो — तिला विचारल्याशिवाय पाऊल नाही. गुरव कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाकीच्यांनी हात जोडून बसायचं. वाट बघायची.

वाट बघणं — तेच तर मला जमत नव्हतं. त्या सकाळी हळदकुंकू वाहायच्या निमित्तानं मी एकटीच पुढं गेले, आणि देवीच्या डाव्या खांद्याला डिंक फासला. भीती वाटली का? नाही हो. हसू येत होतं.

उजवी कळी पडली. सगळ्यांनी चांगभलं केलं. डावी दुसऱ्या दिवशीही तिथंच — सुकली, पण हलली नाही. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, “आईनं किती ठाम सांगितलं बघा!”

हे गेले कारखान्यात. नाखुशीनं, पण गेले — देवीचा शब्द होता ना. मी विहिरीवर मान वाकडी करून ते वाक्य बोललेसुद्धा. फार दिवस नाही. दिवाळीच्या आधीच यांच्या उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. आणि हे पक्के नव्हतेच, हंगामी होते. भोंगा वाजत राहिला, यांना कुणी बोलावलं नाही.

दवाखान्यात सगळे नवस बोलत होते. मी? कुणाला साकडं घालू? कारखान्यात आमचं नाव नव्हतं, आणि देवीपुढं मला तोंड नव्हतं. तिच्या तोंडात मीच माझे शब्द घातले होते. आता खरंच तिनं काही बोलावं, असं कुठल्या तोंडानं म्हणू? पुढं कित्येक वर्षं मी तिच्यावरच उलटत राहिले — एवढी जागृत होतीस तर डिंकासकट पाडायची होतीस डावी कळी! खरं म्हणजे त्यात तिचं काय होतं? डिंक माझा होता.

यांना घरी आणलं. डाव्या हातानं घास तोंडापर्यंत जाईना, तेव्हा सासूबाई भरवायच्या. एवढा बाप्या माणूस, भिंतीकडं बघत घास घ्यायचा. एके दिवशी मला ते बघवलं नाही. परसात त्या भांडी घासत होत्या, त्यांच्यासमोर जाऊन बसले. सगळं सांगायचं असं ठरवूनच. पण “आत्याबाई, तो कौल —” एवढंच आलं तोंडातून, पुढं नुसतं रडू.

पुढचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्या गेल्या, मागून हेही गेले, तरी नाही. त्या वेळी सासूबाईंना वाटलं, मी देवीला दोष देतेय. राखेचे हात तसेच माझ्या गुडघ्यावर ठेवून त्या म्हणाल्या —

“कौलाला बोल लावू नगंस, पोरी. आपल्या मनानं धाडला असता, तर मी जल्मभर सवताला खात बसले असते. आईनं धाडलाय त्येला. पुढचं तिचं ती बघंल. मला बाई कसला घोर न्हाई.”