संजीवनीच्या तोंडून

उकंडराव आणि सुभद्राबाई अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. घर एकच, चूल एकच. ते ओसरीवर, त्या स्वयंपाकघरात, मध्ये एक दार आणि त्या दारात त्यांची सून संजीवनी. मी त्यांची शेजारीण. या उंद्री गावात माझा जन्म गेला, अबोले पुष्कळ पाहिले, पण इतक्या नेटानं चालवलेला दुसरा नाही पाहिला. खरं सांगते, मला त्या दोघांचा राग येतो.

कारण तसं खोटं नव्हतं. त्या वर्षी चार दिवस वाट पाहून सोयाबीन काढायला थ्रेशर मिळालं आणि त्याच सकाळी रोहिणखेडहून फोन आला, सुभद्राबाईंचा भाऊ तुळशीराम गेला. उकंडरावांनी फोन खिशात ठेवला. पोती भरून झाली, दिवस कलला, तेव्हा बायकोला सांगितलं. त्या पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, सांगायचं ते सांगितलं नाही, आता काहीच सांगू नका. उकंडराव हट्टाला पेटले आणि त्यांनी खरंच काही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात संजीवनी लग्न होऊन आली. या घरात आपलं खरं काम काय, हे तिला आठवड्यातच कळलं. सासू म्हणायची, भाकर थंड झाली तर मी काय करू, वेळेवर येत जा म्हणावं. संजीवनी ओसरीवर जाऊन सांगायची, आत्याबाई कधीच्या तुमची वाट पाहताहेत. सासरे म्हणायचे, एवढं तेल ओतते, बापाच्या घरून आणते काय. संजीवनी आत येऊन सांगायची, आजची भाजी मामाजींना फार आवडली. एवढं खोटं कशाला बोलतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "काकू, जसंच्या तसं सांगतलं तं घर राहीन का?"

तिचा स्वतःचा नवरा हर्षल वाळूजला कंपनीत. महिन्यातून दोनदा घरी यायचा. एरवी फोनवर जेवला का, जेवलो, ठेवू का. दिवसभर दुसऱ्यांसाठी गोड बोलून ती इतकी दमायची की त्याच्यासाठी काही उरत नसे. लेकरू नाही, आणि त्यावरून गावाची बोलणीही तिलाच. या उन्हाळ्यात हर्षलने तिकडे एक खोली पाहिली, आता तरी सोबत राहू म्हणाला. घरमालकाला रविवारपर्यंत कळवायचं होतं. संजीवनीला जायचंच होतं, पण या दोघांमध्ये निरोप कोण नेणार?

मग तिने ठरवलं, आता कानावर पडेल तेच पोचवायचं. भांडतील, पण एकमेकांशी भांडतील आणि आपण सुटू.

शुक्रवारी सकाळी उकंडराव म्हणाले, "तुह्या सासूले सांग, रातभर खोकलून झोपू नाही देल्लं. दवाखान्यात जाय म्हणा, नाहीतर गोठ्यात झोप." एरवी यातून संजीवनीने सासऱ्यांची काळजी तेवढी काढून आत नेली असती. त्या दिवशी तिने शब्द न शब्द सांगितला, गोठ्यासकट.

भाकर थापणारा सुभद्राबाईंचा हात थांबला. "असं नाही सांगत तू," त्या म्हणाल्या.

"ते तसंच म्हणले, आत्याबाई."

"मले मालूम हाय काय म्हणले ते. दहा पावलांवर बसते. पहिल्या दिवसापासून समदं ऐकू येते मले." तव्यावरची भाकर करपत होती, त्यांनी ती उलटली नाही. "त्यायचं ऐकते, अन् मंग तुह्यं ऐकते. तू सांगतं तसा नवरा मले कधी भेटलाच नाही वं. तुह्या तोंडून भेटते, तेवढाच."

आतलं बोलणं ओसरीवरही असंच ऐकू जात असणार, हे संजीवनीला तेव्हा उमगलं. मग उकंडराव घसा खाकरून म्हणाले, "संजीवनी, तिले सांग..." पुढे काही येईना. सत्तरीला टेकलेला माणूस बायकोसाठी शब्द शोधत बसला आणि त्याला एकही सापडला नाही. शेवटी म्हणाले, "तुले येते तसं सांग."

ती आत गेली आणि तिने सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

रविवारी ती माझ्याकडे पापड लाटायला आली होती, तेव्हा हर्षलचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून तिने तो स्पीकरवर ठेवला. खोलीचं काय करू, त्याने विचारलं. राहू द्या, ती म्हणाली. काऊन, त्याने विचारलं. तिचे ओठ हलले, पण तिला काही जुळवता येईना. मला रडू आलं आणि रागही आला, पण तिचा नाही.

"बरं," हर्षल म्हणाला. मग म्हणाला, "आईले सांगजो, आता मी दिवाळीलेच येईन."

बायकोला त्याने वेगळं काही सांगितलं नाही.