आमच्या पडवीतले चार रंग

रंग भरायला बसलेल्या बायकांचे हात अडकलेले असतात, पण तोंडं मोकळी! त्यामुळे आमच्या पडवीत रंगवलेल्या पानांपेक्षा किस्सेच जास्त साठले.

श्रीवर्धनला आमच्या शेजारचे ड्रॉइंगमास्तर शाळेतून रिटायर झाले आणि मुंबईच्या एका छापखान्याचं काम घेऊन आले. मुलांच्या चित्रकथा नुसत्या काळ्या रेघांत छापून आगबोटीने यायच्या. रंग आम्ही हाताने भरायचे. ब्रश धुण्यात वेळ जायला नको म्हणून माणशी एकच रंग, आणि पान हातोहात पुढे. सुपारीच्या बागेतल्या गोदाआतेकडे हिरवा, खलाशाची बायको खतिजा हिच्याकडे निळा, माझ्याकडे पिवळा. तांबडा महाग, म्हणून तो मास्तरांकडे!

*

पहिल्याच दिवशी मास्तरांनी बजावलं, "रेघेबाहेर जायचं नाही." आतेने बागेचं चित्र घेतलं आणि राजासकट सगळं हिरवं करून टाकलं!

"आते, राजा कुठे गेला?"

"मास्तर, भुई सारवताना मधी मानूस हुबा असतोय व्हय?"

*

ब्रशाचं टोक ओठांत धरून बारीक करायचं, हेही मास्तरांनीच शिकवलेलं. आतेच्या तोंडात चोवीस तास पान! तिची सगळी झाडं तांबडी होऊन पुढे यायला लागली.

"पान सोडा आता," मास्तर म्हणाले.

"त्यापरीस रंग सोडते!"

दोन दिवस मास्तर तांबडी झाडं बाजूला काढत राहिले. तिसऱ्या दिवशी हिरवा आपल्याकडे घेतला आणि आतेला तांबडा दिला.

*

रंगवलेली पानं अंगणात वाळायची. शेजारच्या दोरीवर बोंबीलही वाळायचे. छापखान्याच्या मालकाचा आगबोटीच्या कारकुनाबरोबर निरोप आला, "चित्रं फक्कड आहेत, पण बघताना भूक लागते!"

*

खतिजाने पहिला समुद्र निळ्यात माती कालवून मातकट रंगवला. मास्तर म्हणाले, "अगं, मुंबईच्या मुलांना निळाच समुद्र लागतो."

"का? त्यांच्याकडं समुद्र न्हाय?"

मास्तरांनी तिच्यापुढची माती उचलून अंगणात टाकली. तेव्हापासून तिने निळा भरला, पण आमच्यावर मेहेरबानी केल्यासारखा.

*

त्या हिवाळ्यात खतिजाच्या नवऱ्याची, हसनची खबर यायची थांबली. त्याचं जहाज कुठल्या बंदरात आहे, आहे की नाही, कोणी सांगेना. खतिजा रोज कामाला यायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

आणि नेमकी तेव्हाच खलाशाची चित्रकथा आली. शेवटच्या चित्रात छातीभर पाण्यात दोन्ही हात वर केलेला माणूस, मागे नुसतं पाणी, आणि खाली छापलेलं, 'अशा रीतीने बिचारा खलाशी बुडाला.' मास्तर त्या दिवशी बाजारात गेले होते. ती पानं खतिजापुढे सरकवायला माझा हात धजेना. तिनेच ओढून घेतली. खलाशाभोवतीच्या पाण्यावरून बोट फिरवलं.

मग म्हणाली, "तुजा पिवला दे जरा."

मी वाटीच दिली. तिने खलाशाच्या आजूबाजूला पाण्याच्या जागी वाळू रंगवली. पानामागून पान, सगळा गठ्ठा! निळा फक्त लांब कडेला, एक बोटभर. छातीभर पाण्यातला माणूस किनाऱ्याच्या पुळणीत बसून कोणाला तरी हाका मारतोय, असं दिसायला लागलं.

मास्तर परत आले. खराब पानं छापखाना घेत नसे, आणि एवढा गठ्ठा परत आला तर आमचं कामच बंद झालं असतं. त्यांनी एक पान उचललं. खालची ओळ वाचली, चित्र बघितलं, पुन्हा ओळ वाचली. आतेसुद्धा पान चघळायची थांबली.

खतिजा मान खाली घालून म्हणाली, "माज्या हातानं न्हाय बुडवनार, मास्तर."

मास्तरांनी चष्मा पुसला. खाली बसले, हिरव्यात ब्रश बुडवला आणि खलाशाच्या मागे एक माड काढला.

"किनारा आहे, तर सावली नको?" म्हणाले, आणि दुसरं पान पुढे ओढलं.