मोंढ्यात काढलेला ड्रायव्हर

लोकहो, आज जुन्या जालन्यातल्या गॅरेजात माझं नाक कापलं गेलं, अन् सुरी माझ्याच हातात होती.

माझा पिकअप ऑटोमॅटिक गिअरचा. पंधरा दिवसांपासून तिसऱ्या गिअरातच अडकून बसल्ता. मी सगळं खापर ड्रायव्हर रफिकभाईंवर फोडलं. परतूरच्या मोंढ्यात, भर धान्यबाजारात, सगळ्या हमालांसमोर, त्यांच्या हातातून चावी हिसकली. म्हणलं, "तुझी लायकी बैलगाडी हाकायची." बारा वर्षं माझ्याकडं होते. पायीच निघून गेले.

आज मेकॅनिकनं गिअर सांभाळणारं कंट्रोल मॉड्यूल खोललं. आत पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या.

"प्रेशरनं इंजिन कुणी धुतलं?"

मीच धुतल्तं. दसऱ्याच्या पूजेआधी, फवारणीच्या पंपानं. तेव्हा रफिकभाई म्हणले होते, "मालक, तिथं पाणी नका मारू." मी म्हणलं, "मला शिकवू नका."

नवं मॉड्यूल बसवलं, लॅपटॉप जोडून गाडीला त्याची ओळख करून दिली. आता गिअर लोण्यावानी पडून राह्यले.

गॅरेजातूनच फोन लावला. "रफिकभाई, उद्यापासून या."

ते म्हणले, "गाडी बराबर झाली ना? मंग बस. मला मोंढ्यात काढल्तं मालक, बोलवायलाबी मोंढ्यातच या. हमालांसमोर."

मी फोन कापला.

त्यांच्याकडं बटणांचा साधा फोन आहे, ही पोस्ट त्यांना कधीच दिसणार न्हाई. म्हणूनच माफी इथं मागून राह्यलो. नवा ड्रायव्हर उद्या येतोय.

खरं सांगा, तुम्ही मोंढ्यात गेले असते?