कागदात गुंडाळलेली बाटली

परवा शुक्रवार पेठेत हातगाडीवर काळी द्राक्षं दिसली. जाड सालीची, अत्तरासारख्या उग्र गोड वासाची. त्या वासानं मला थेट टेंभुर्णीतल्या बागायतदारांच्या शिबिरात नेऊन बसवलं.

तिथं लाल वाईनची बाटली कागदात गुंडाळून ठेवली होती. चव घेऊन द्राक्षाची जात ओळखायची. मी जुना बागायतदार, त्यामुळे कॉलर ताठ. पेला गोल फिरवला, घोट घेतला, जाणत्यासारखे डोळे मिटले. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं पेला तोंडाला लावलाच नाही. नुसता वास घेऊन ती कानाशी म्हणाली, "अवो, ही आपल्या न्हाणीवरच्या येलाची द्राक्षं हायत की."

"गप बस. सांडपाण्यावरच्या द्राक्षाची कोण वाईन करतंय?" असं म्हणून मी मोठ्यानं फ्रान्सच्या एका जातीचं नाव ठोकलं.

ती चहाला बाहेर गेली आणि इकडं कागद निघाला. मूळचं अमेरिकेचं काँकर्ड द्राक्ष. "तुमच्याकडच्या बंगळूर ब्लूच्याच गोतातलं," शिबिराचे साहेब म्हणाले. आमच्या न्हाणीवर बंगळूर ब्लूचाच वेल होता.

परतताना एसटीत तिनं विचारलं, "काय निघालं वो?"

"फ्रान्सचंच."

"मग माझं नाक म्हातारं झालं म्हणायचं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. गाडीवरचा घड मी नाकाशी धरला.

"तुझंच बरोबर होतं," मी म्हणालो.

"व्हय काका," गाडीवाला म्हणाला, "पर किती देऊ? किलो?"

"पाव बास," मी म्हटलं. "एकटाच हाय."