सागाच्या एकशे छत्तीस सोंगट्या

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी करवतीच्या मशीनवर होतो. "काका, नाना गेले," एवढंच ती बोलली. मशीन बंद करायचंही मला सुचलं नाही... आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता दीड महिना झाला, पण त्या सुटकेची लाज अजून गेलेली नाही.

नाना मिस्त्री माझे उस्ताद. धुळ्याला त्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली. कारागीर पहिल्या नंबरचे आणि डोकं कायम तापलेलं. पटाशीला नीट धार लावली नाही म्हणून ती त्यांनी फेकून मारली होती, माझ्या पोटरीवर तिची खूण आहे. जळगावच्या एका सराफाने आम्ही केलेल्या सागाच्या काउंटरला पांढरा रंग मारून घेतला, तर नाना एसटीने घण घेऊन गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांनी काउंटर फोडला. "सागले कोनी रंग लावस का?" हे ते पोलीस चौकीतसुद्धा ओरडत होते.

अशा माणसाला जपानी माहजाँगचं, म्हणजे सोंगट्यांच्या एका खेळाचं वेड लागलं ते त्यांच्या मुलीमुळे. पल्लवी मोबाइलवर जपानी कार्टून मालिका बघायची. एकीत खेळाडू सोंगटी आपटायचा, वीज कडाडायची आणि हरलेला भिंतीवर जाऊन आदळायचा. नाना दोन दिवस मोबाइल सोडेनात. मग आम्ही सोंगट्या घरीच बनवल्या. जुन्या दाराची एक फळी मी चिरली, चित्रं नानांनी कोरली, आणि पॉलिश मारलं कारखान्यातल्या आमच्या संजूने. पल्लवी म्हणाली, पाठीला एकसारखा रंग द्या, नाहीतर सोंगटी मागूनच ओळखू येईल. नाना तिच्या अंगावर धावून गेले. सागाच्या रेषा उघड्याच राहिल्या. आमच्यासारखे सुतारच ही चूक करू जाणोत.

रविवारी दुपारी आम्ही चौघं बसायचो. प्रत्येकाने तेरा सोंगट्या उभ्या मांडायच्या, एक घ्यायची, एक टाकायची, तीन-तीन सोंगट्यांचे संच आणि एक जोडी जमवायची. एकाच सोंगटीवर डाव अडला की मध्ये काडी ठेवून 'रीची' म्हणायचं, त्यानंतर हातातलं काही बदलता येत नाही, पण ती सोंगटी दुसऱ्या कुणी टाकली तरी डाव आपला. नानांना हे फार आवडायचं. काडी अशी आदळायचे की चहाचे कप उडायचे. पण समोरून त्यांच्या सोंगट्यांच्या पाठी मला दिसायच्या, आणि ती फळी मी चिरली होती, रेषांवरून सोंगटी ओळखायचो. त्यांना हवी ती सोंगटी मी कधी टाकलीच नाही. लागोपाठ सहा रविवार ते हरले. कशासाठी केलं मी हे? बावीस वर्षं मार खाल्ल्यावर एवढ्याच एका ठिकाणी मला त्यांना हरवता येत होतं.

सातव्या रविवारी त्यांची रीची पाच बांबूवर, म्हणजे पाच बांबू कोरलेल्या सोंगटीवर अडली होती. डाव संपला, संजूने आपल्या सोंगट्या उघडल्या, त्यात दोन पाच बांबू निघाले. ते निव्वळ नशीब होतं. तिसरा माझ्याकडे होता, तो मी गुपचूप ढिगात मिसळला. नाना उठले. "बठ्ठ्या सोंगट्या तुन्हाच हातखालथून गयात!" पॉलिश मारताना संजूने सगळ्या पाठी ओळखून ठेवल्या असं त्यांना वाटलं, त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावर दाबला आणि पटाशी ठोकायची लाकडी मोगरी घातली. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पल्लवी किंचाळत होती, टेबलावर रक्त होतं, आणि मी... मी गप्प बसलो. दोन बोटं ताठ राहिली ती कायमची. संजू काम सोडून पारोळ्याला गेला आणि तिथे भाजी विकू लागला.

नाना वारले त्याच्या चार दिवस आधी त्यांनी मला बोलावलं. नुसता सापळा उरला होता. त्यांनी सोंगट्यांचा डबा खाटेवर पालथा केला, सगळ्या पाठी वर. "फळी लाय," म्हणाले. माझे हात आपोआप चालू लागले. रेषेला रेष, गाठीला गाठ... अर्ध्या तासात जुन्या दाराची फळी पुन्हा अखंड झाली. आणि मग मला कळलं मी काय केलं ते.

"संज्याले हाई कधीच जमनं नसतं," नाना हळूच म्हणाले. उशाखालची मोगरी त्यांनी उगारली. ती पेलवेना, माझ्या मांडीवर पडली. "मन्हाकडथून त्याले उगाच मार बसना. जाय त्यानाकडे."

डबा आणि मोगरी घेऊन मी निघालो, पण नाना असेपर्यंत संजूकडे गेलो नाही. ते गेल्यावर 'गेलास का' विचारणारं कुणी उरलं नाही, त्याचीच ती सुटका. ती सोसेना, म्हणून परवाच्या रविवारी डबा आणि मोगरी घेऊन पारोळ्याला गेलो. संजूला सगळं सांगितलं आणि माझा उजवा हात त्याच्या टेबलावर ठेवला. मग त्याने मोगरी उचलायला हात पुढे केला. मूठ वळेना. मोगरी निसटून खाली पडली. पुन्हा उचलायला गेला, पुन्हा पडली.

"दिलीपभाऊ, तूच उचलीसन दे," तो म्हणाला.

मी वाकलो, मोगरी उचलली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.

डबा आता माझ्या टेबलावर आहे. मोगरी संजूने ठेवून घेतली. हा लेख मी डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षर वाईट आलंय, संपादकांनी लावून घ्यावं.